कारखान्यात अचानक व्यत्यय आल्यावर उत्पादनाचे वेळापत्रक नव्याने कसे आखावे

उत्पादनाचे वेळापत्रक कितीही काळजीपूर्वक आखले तरी शिफ्ट सुरू झाल्यावर कुठे ना कुठे ते बिघडतेच. मशीन बंद पडते, कच्चा माल वेळेवर येत नाही, अनुभवी ऑपरेटर गैरहजर राहतो, तपासणीत अख्खी बॅच नापास होते, किंवा एखादी तातडीची ऑर्डर मध्येच घुसते. अशा वेळी बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक टोक गाठले जाते. एकतर सुपरवायझर जागच्या जागी जमेल तसा क्रम लावतात आणि नियोजनाचे वेळापत्रक नुसते फलकावर उरते. नाहीतर नियोजन विभाग सगळे वेळापत्रक सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढतो आणि ज्या मशीनचा त्या घटनेशी काडीचाही संबंध नव्हता तिथलीही कामे हलवून टाकतो. दुसरा प्रकार शास्त्रशुद्ध दिसतो, पण माझ्या मते त्याने होणारे नुकसान अनेकदा पहिल्यापेक्षा मोठे असते, कारण प्रत्येक बदललेल्या कामामागे बाहेर काढून ठेवलेले टूल, लावलेले फिक्स्चर (काम चालू असताना सुटा भाग पकडून ठेवणारे साधन), मोजून आणलेला माल आणि कुणाला तरी दिलेला शब्द असतो.

म्हणून पुनर्नियोजनात ‘नवा क्रम कोणता’ या प्रश्नाआधी ‘वेळापत्रकाचा किती भाग हलवायचा’ हा प्रश्न सोडवावा लागतो. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत. उदाहरणे मुख्यतः सुट्या भागांचे यंत्रण (मशीनिंग) करणाऱ्या कारखान्याची असली तरी पद्धत असेंब्ली लाइन किंवा बॅच पद्धतीच्या उत्पादनालाही लागू पडते.

व्यत्ययाआधी तयार हवे ते

ऐनवेळी माहिती गोळा करण्यात जो वेळ जातो तो नवा क्रम लावण्यात जाणाऱ्या वेळेच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे काही गोष्टी आधीच लिहून ठेवलेल्या हव्यात. पहिली म्हणजे प्रत्येक महत्त्वाच्या कामासाठी पर्यायी मशीनची यादी. त्यात केवळ ‘हे काम तिथे होते’ एवढे लिहून भागत नाही, तर तिथे लागणारा वेळ, सेटिंगचा वेळ (मशीन त्या कामासाठी तयार करण्याचा), लागणारे फिक्स्चर आणि तो पर्याय गुणवत्ता विभागाने मान्य केला आहे की नाही, हेही नोंदवलेले असावे. दुसरी म्हणजे कोणता ऑपरेटर कोणते मशीन चालवू शकतो याचा तक्ता. तिसरी म्हणजे ऑर्डरींचे प्राधान्य, जे विक्री आणि उत्पादन या दोन्ही विभागांनी शांतपणे बसून ठरवलेले असावे. मशीन बंद पडल्यावर ठरवायला गेले तर ज्याचा आवाज मोठा त्याची ऑर्डर पुढे जाते.

चौथी गोष्ट म्हणजे गोठवलेला कालखंड. पुढचे चार तास किंवा पुढची एक शिफ्ट एवढ्या काळातल्या कामांचा क्रम सहसा बदलायचा नाही, असा नियम ठेवला म्हणजे स्टोअर, टूल रूम आणि ऑपरेटर यांना निश्चिंतपणे पुढची तयारी करता येते. हा नियम मोडण्याचा अधिकार कोणाला आहे, तेही नावानिशी ठरलेले असावे.

पहिली पायरी: घटनेची नोंद आणि तात्पुरता थांबा

घटना कळताच नियोजकाने जागेवर जाऊन किंवा जागेवरच्या माणसाकडून काही गोष्टी निश्चित कराव्यात: नेमके काय बंद आहे, केव्हापासून, त्या क्षणी कोणते काम चालू होते, ते कितपत झाले होते आणि त्या मशीनपुढे रांगेत काय काय उभे आहे. संगणकातली स्थिती आणि जमिनीवरची स्थिती यांत फरक असतोच. प्रणालीत ‘चालू’ दिसणारे काम प्रत्यक्षात पूर्ण होऊन ट्रॉलीवर पडलेले असते, किंवा ‘उपलब्ध’ दिसणारा माल तपासणीसाठी अडकलेला असतो. चुकीच्या आरंभस्थितीवरून काढलेले वेळापत्रक कितीही चांगल्या गणितातून आले तरी पहिल्याच तासात कोसळते.

अर्धवट राहिलेल्या कामाचा स्वतंत्र विचार करावा. बारा भोकांपैकी सात पाडून झाली असतील तर दुरुस्तीनंतर उरलेली पाच पाडता येतात, मात्र जॉब फिक्स्चरवरून काढला असेल तर पुन्हा बसवून शून्यबिंदू (मशीनच्या मोजमापाची सुरुवातीची जागा) घेण्याचा वेळ धरावा लागतो. उष्मोपचाराच्या भट्टीत वीज गेली तर मात्र ‘उरलेला वेळ पुढे चालू’ असे गृहीत धरता येत नाही. तो माल पुन्हा पहिल्यापासून तापवायचा, तसाच स्वीकारायचा की बाद करायचा, हा निर्णय गुणवत्ता विभागाचा असतो आणि तो येईपर्यंत ती बॅच वेळापत्रकात धरू नये.

याच टप्प्यावर आणखी एक काम करायचे असते, जे सर्रास राहून जाते: बंद मशीनकडे जाणारा माल अलीकडच्या टप्प्यावर थांबवणे. अलीकडची मशीने तासाला सहा जॉब पुढे ढकलत राहिली तर चार तासांत चोवीस जॉबचा ढीग साचतो. त्यामुळे जागा अडते, जॉब एकमेकांत मिसळतात, आणि जी अलीकडची मशीने दुसऱ्या मार्गाच्या कामांसाठी वापरता आली असती ती निष्कारण गुंतून पडतात. मशीन रिकामे दिसू नये म्हणून ते चालवत ठेवण्याचा मोह मोठा असतो, आणि कार्यक्षमतेचे मोजमाप प्रत्येक मशीनच्या चालू तासांवर होत असेल तर तो आवरणे आणखी अवघड जाते.

दुसरी पायरी: खोळंबा किती चालेल याचा अंदाज

मेंटेनन्स विभागाला ‘किती वेळ लागेल’ असे विचारले की एकच आकडा मिळतो आणि तो बहुधा आशावादी असतो. त्याऐवजी तीन आकडे मागावेत: सगळे सुरळीत झाले तर किती, सर्वसाधारणपणे किती, आणि सुटा भाग मिळाला नाही किंवा दोष दुसरीकडेच निघाला तर किती. समजा उत्तर दोन, चार आणि दहा तास असे आले. या तिन्हींची सरासरी काढताना मधल्या आकड्याला चौपट वजन देण्याची जुनी पद्धत आहे. त्याप्रमाणे दोन, सोळा आणि दहा यांची बेरीज अठ्ठावीस, भागिले सहा, म्हणजे सुमारे ४ तास ४० मिनिटे येतात. हा आकडा ‘सर्वसाधारण’ चार तासांहून मोठा आहे, कारण दुरुस्ती लवकर होण्याला मर्यादा असते, लांबण्याला फारशी नसते.

नियोजनासाठी सरासरीपेक्षाही उपयोगी असते ती पुनर्विचाराची वेळ. ‘दोन तासांनी मशीन उघडून झालेले असेल आणि दोष कळलेला असेल, तेव्हा पुन्हा बोलू’ असे मेंटेनन्सशी ठरवून घ्यावे आणि तोवर पुढे मागे घेता येतील असेच निर्णय घ्यावेत. काम बाहेर पाठवणे, चालू सेटिंग मोडणे किंवा ग्राहकाला नवी तारीख कळवणे हे निर्णय, शक्य असेल तर, त्या वेळेपर्यंत थोपवावेत. हेही लक्षात ठेवावे की सर्वसाधारण वेळ उलटून गेली तर ‘आता होईलच’ असे मानण्यापेक्षा दोष गंभीर आहे असे मानणे बहुधा बरोबर ठरते.

तिसरी पायरी: झळ कुठवर पोहोचते

प्रत्येक कामाला देय वेळेपर्यंत काही ना काही सवड असते. बंद मशीनवरच्या कामांची आणि त्यांच्या पुढच्या टप्प्यांची सवड तपासली की खोळंबा आपोआप जिरणार आहे की पुढे सरकत जाणार आहे, ते कळते. ज्या मशीनवर भरपूर मोकळा वेळ आहे, तिथला दोन तासांचा बिघाड बऱ्याचदा काहीच न करता संध्याकाळपर्यंत भरून निघतो. ज्या मशीनवर सगळ्या कारखान्याचा वेग ठरतो, त्या बॉटलनेकवर मात्र गेलेला तास सगळ्या कारखान्याचा जातो.

बॉटलनेकचा बिघाड भरून निघायला किती वेळ लागेल याचा एक सोपा हिशेब आहे आणि तो प्रत्येक नियोजकाला तोंडपाठ असावा. मशीनवर नव्वद टक्के भार असेल तर चार तासांच्या खोळंब्यात ३.६ तासांचे काम साचते. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर दर तासाला त्याची केवळ एक दशांश तास एवढीच क्षमता जास्तीची असते, कारण नऊ दशांश नव्याने येणाऱ्या कामात जाते. म्हणजे साचलेले काम उपसायला ३६ तास लागतात. भार ऐंशी टक्के असता तर हाच खोळंबा १६ तासांत भरून निघाला असता, आणि पंच्याण्णव टक्के असता तर ७६ तास लागले असते. मशीन पूर्ण भरून ठेवण्याची खरी किंमत इथे दिसते. दुसरे असे की हाच आकडा पुनर्नियोजनाची कक्षा सांगतो: ३६ तासांनी पूर्वस्थिती येणार असेल तर त्यापलीकडच्या दिवसांचे वेळापत्रक छेडण्याचे कारण नाही.

चौथी पायरी: किती हलवायचे ते ठरवणे

झळ कळली की हस्तक्षेपाची पातळी निवडता येते. सर्वांत खालची पातळी म्हणजे काहीच न बदलणे, कारण सवड पुरेशी आहे. त्यानंतर येते ते नुसते पुढे सरकवणे: क्रम तोच, मशीन तीच, फक्त सुरुवातीच्या वेळा खोळंब्याएवढ्या पुढे. ही पद्धत मिनिटाभरात होते आणि कुणाचा गोंधळ उडत नाही, पण खोळंबा मोठा असेल तर रांगेतले प्रत्येक काम थोडे थोडे उशिरा जाते.

तिसरी पातळी अंशतः दुरुस्तीची. बाधित कामे आणि त्यांच्यावर थेट अवलंबून असलेली पुढची कामे एवढीच उचलायची, त्यांचा क्रम किंवा मशीन बदलायचे, बाकीचे जसेच्या तसे ठेवायचे. यातलाच एक शिस्तबद्ध प्रकार म्हणजे जुळवणीची पद्धत: एक ठरावीक क्षण निवडायचा, उदाहरणार्थ उद्या दुपारी दोन, आणि अशी बांधणी करायची की त्या क्षणी कारखान्याची स्थिती मूळ वेळापत्रकाशी पुन्हा जुळेल आणि पुढे जुनेच वेळापत्रक चालेल. तो क्षण निवडायला वरचा ३६ तासांचा हिशेब कामी येतो. माझी पसंती याच पद्धतीला आहे, कारण स्टोअर, खरेदी आणि ग्राहक या सगळ्यांना ‘उद्या दोननंतर काहीही बदललेले नाही’ असे निःसंदिग्ध सांगता येते.

संपूर्ण पुनर्नियोजन ही सर्वांत वरची पातळी. बॉटलनेक कित्येक दिवस बंद राहणार असेल, एकाच वेळी अनेक व्यत्यय आले असतील, किंवा लहान लहान दुरुस्त्या एवढ्या साचल्या असतील की मूळ वेळापत्रकाचा सांगाडाच उरलेला नाही, तेव्हाच ते करावे. बऱ्याच कारखान्यांत याचा मेळ ठरावीक वेळेशी घातला जातो: दररोज शिफ्ट बदलताना किंवा आठवड्याला एकदा पूर्ण आखणी, आणि मध्ये काही घडले तर ते ठरलेल्या उंबरठ्यापेक्षा मोठे असेल तरच अंशतः दुरुस्ती. उंबरठा म्हणजे, उदाहरणार्थ, बॉटलनेकवर एक तास आणि इतरत्र तीन तास. असा उंबरठा नसेल तर दर अर्ध्या तासाला नवे वेळापत्रक निघते आणि काही दिवसांत ते कुणी वाचेनासे होते.

पाचवी पायरी: कशासाठी चांगले, हे ठरवणे

‘उत्तम’ वेळापत्रक म्हणजे काय, हे आधी सांगितल्याशिवाय तुलना करता येत नाही. एकूण विलंब कमी व्हावा, की उशिरा जाणाऱ्या ऑर्डरींची संख्या कमी व्हावी, की सर्वांत मोठा विलंब आटोक्यात राहावा? ही तीन उद्दिष्टे एकसारखी वाटतात, पण त्यांची उत्तरे वेगळी निघतात. दंडाची अट असलेल्या ऑर्डरी असतील तर प्रत्येक ऑर्डरीच्या विलंबाला वजन द्यावे. त्याच्या जोडीला बदलाची किंमत धरावी: मशीन बदललेल्या कामांची संख्या, सुरुवातीची वेळ किती हलली, आणि किती सेटिंग वाढली. बदल जितका जवळचा, तितकी त्याची किंमत जास्त. पुढच्या तासातले काम हलवणे आणि पुढच्या आठवड्यातले हलवणे यांना एकच वजन देणे चूक आहे.

सहावी पायरी: नवा क्रम लावणे

एक छोटे उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. एका ग्राइंडिंग मशीनवर पाच जॉब रांगेत आहेत. या क्षणापासून तास मोजले तर:

जॉब अ: काम ३ तास, देय ५ व्या तासाला
जॉब ब: काम २ तास, देय ६ व्या तासाला
जॉब क: काम ४ तास, देय १२ व्या तासाला
जॉब ड: काम १ तास, देय ११ व्या तासाला
जॉब इ: काम ३ तास, देय १४ व्या तासाला

मूळ क्रमाने ते ३, ५, ९, १० आणि १३ व्या तासाला पूर्ण होणार होते, म्हणजे सगळे वेळेत. ब, ड आणि इ यांना प्रत्येकी एकाच तासाची सवड आहे, त्यामुळे तासाभराचा खोळंबा हे वेळापत्रक मुकाट गिळते. आता मशीन चार तासांसाठी बंद पडले आहे.

नुसते पुढे सरकवले तर पाचही जॉब उशिरा जातात: अनुक्रमे २, ३, १, ३ आणि ३ तास, एकूण १२ तास. देय वेळेच्या क्रमाने लावले, म्हणजे अ, ब, ड, क, इ, तर ड वेळेत जातो, बाकी चार उशिरा जातात आणि एकूण विलंब १० तास होतो. देय वेळेच्या क्रमाने लावले की सर्वांत मोठा विलंब शक्य तितका लहान राहतो, हे संशोधक जॅक्सन यांनी १९५५ मध्ये दाखवले. इथे तो तीन तास आहे.

उशिरा जाणाऱ्या जॉबची संख्या कमी करायची असेल तर मूर यांची १९६८ ची रीत वापरता येते. देय वेळेच्या क्रमाने एकेक जॉब रांगेत घ्यायचा, आणि ज्या क्षणी कुठला तरी जॉब उशिरा ठरतो त्या क्षणी तोवर घेतलेल्यांपैकी सर्वांत जास्त वेळ खाणारा जॉब बाहेर काढून शेवटी टाकायचा. इथे पहिलाच अ सातव्या तासाला संपतो, म्हणजे उशिरा, म्हणून तो बाहेर. मग ब सहाव्या, ड सातव्या, क अकराव्या आणि इ चौदाव्या तासाला संपतात, चौघेही वेळेत. अ मात्र सतराव्या तासाला संपतो, म्हणजे तब्बल १२ तास उशिरा. गंमत अशी की एकूण विलंब नुसते सरकवण्याएवढाच, १२ तास, आहे; पण तिथे पाच ग्राहक नाराज होते, इथे एकच आहे. अ हा जॉब कुणाचा आहे, यावर यातले काय बरे ते ठरते, आणि ते गणित सांगू शकत नाही.

आता पर्यायी मशीनचा तक्ता उघडावा. समजा अ हा जॉब दुसऱ्या, जरा संथ मशीनवर एक तासाच्या सेटिंगनंतर पाच तासांत होतो. तो सहाव्या तासाला पूर्ण होईल, म्हणजे फक्त एक तास उशिरा, आणि बाकी चौघे मूळ मशीनवर वेळेत होतील. १२ तासांचा विलंब एका तासावर आला, आणि हलवलेले काम एकच. अट एवढीच की दुसऱ्या मशीनवरच्या कामांना, सेटिंग परत बदलण्याचा वेळ धरून, सहा तासांहून थोडी अधिक सवड असली पाहिजे. नसेल तर आपण खोळंबा फक्त शेजारी सरकवला, असे होईल. क्रमाची बारकाईने आकडेमोड करण्याआधी पर्यायी मार्ग शोधावा, असे म्हणण्याचे कारण हेच.

मिळालेल्या उत्तराची लगेच कसोटी घ्यावी. दुरुस्ती चारऐवजी सहा तास चालली तर? ब दोन तास, क एक तास आणि इ दोन तास उशिरा होतात. दहा तास चालली तर ब सहा तास मागे पडतो, आणि मग अ संपताच ब सुद्धा दुसऱ्या मशीनवर नेणे शहाणपणाचे ठरते. त्यामुळे दोन तासांनंतरच्या पुनर्विचारात ‘ब हलवायचा का’ हा एकच प्रश्न विचारायचा, असे आताच लिहून ठेवावे आणि ‘ब’ या जॉबचे फिक्स्चर शोधून ठेवावे.

क्रम लावताना सेटिंगचा वेळ मागच्या जॉबवर अवलंबून असेल तर वरचे नियम जसेच्या तसे चालत नाहीत. प्लास्टिक मोल्डिंगमध्ये पांढऱ्यानंतर काळा रंग घेणे सोपे असते, पण काळ्यानंतर पांढरा घ्यायचा तर बॅरल पूर्ण साफ होईपर्यंत माल वाया घालवावा लागतो. तिथे आधी एकाच कुटुंबातल्या, म्हणजे सारख्या सेटिंगच्या, कामांचे गट करावेत आणि मग गटांचा क्रम देय वेळेने लावावा.

अनेक टप्प्यांतून जाणाऱ्या कामांसाठी साधा आणि उपयोगी निकष म्हणजे उरलेला वेळ भागिले उरलेले काम. देय वेळेला १२ तास उरलेत आणि अजून १५ तासांचे काम बाकी आहे, तर हे गुणोत्तर ०.८ येते, एकपेक्षा कमी म्हणजे आताच उशीर झालेला आहे. ज्याचे गुणोत्तर कमी तो जॉब पुढे घ्यायचा. मात्र फारच कमी गुणोत्तराचा, म्हणजे काहीही केले तरी वेळेत न जाणारा जॉब सगळ्यांच्या पुढे रेटत राहिला तर त्याच्यापायी वाचू शकणारे जॉबही बुडतात, हे ध्यानात ठेवावे.

सातवी पायरी: संगणकाची मदत नेमकी कुठे

पाच जॉबचे एका मशीनवर १२० क्रम होतात, दहा जॉबचे ३६,२८,८००. मशीनची संख्या वाढली की हाताने सर्वोत्तम उत्तर शोधणे अशक्य होते. दोन मशीनच्या सरळ प्रवाहासाठी जॉन्सन यांनी १९५४ मध्येच सोपी रीत दिली होती, पण तीन मशीनपासूनच हा प्रश्न संगणनशास्त्राच्या दृष्टीने अवघड वर्गात मोडतो. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला दहा जॉब आणि दहा मशीनचा एक नमुना प्रश्न १९८९ पर्यंत कुणालाच निर्णायकपणे सोडवता आला नव्हता. आज तो साध्या संगणकावर अल्पावधीत सुटतो, त्यामुळे ‘हे गणित आमच्या आवाक्याबाहेरचे आहे’ असे म्हणण्यात आता फारसा अर्थ नाही. ओआर-टूल्ससारखे मोफत सॉल्व्हरही (असे प्रश्न सोडवणारे सॉफ्टवेअर) उपलब्ध आहेत.

सॉल्व्हरसाठी वेळापत्रकाचे प्रतिमान (मॉडेल) बांधताना चार गोष्टी पाळाव्यात. चालू असलेली आणि गोठवलेल्या कालखंडातली कामे स्थिर धरावीत. बंद मशीनवर खोळंब्याएवढे एक खोटे काम लावून तो वेळ अडवून ठेवावा. उद्दिष्टात विलंबाबरोबर बदलाचा दंड घालावा, नाहीतर सॉल्व्हर पाच मिनिटे वाचवण्यासाठी चाळीस कामे इकडून तिकडे करेल. आणि सुरुवातीचे उत्तर म्हणून नुसते पुढे सरकवलेले वेळापत्रक द्यावे. म्हणजे एक-दोन मिनिटांच्या मर्यादेत सॉल्व्हर थांबवला तरी हातात काहीतरी चालणारे असतेच, आणि त्यापेक्षा किती सुधारणा झाली तेही दिसते. शेवटचा एक टक्का सुधारण्यासाठी तासभर वाट पाहू नये, कारण तेवढ्यात परिस्थितीच बदलते.

आठवी पायरी: अमलात येईल का, याची तपासणी

निघालेले वेळापत्रक सुपरवायझरसमोर ठेवावे आणि फक्त बदललेल्या ओळी वाचून घ्याव्यात. एकच फिक्स्चर एकाच वेळी दोन मशीनवर दाखवले आहे का, क्रेनची गरज एकाच वेळी तीन ठिकाणी पडते का, रात्रपाळीत ते मशीन चालवणारा माणूस आहे का, हे प्रश्न प्रतिमानात नसतात पण काम अडवतात. वेळेशी बांधलेल्या प्रक्रियाही तपासाव्यात: ब्लास्टिंग झालेल्या (कणांच्या माऱ्याने साफ केलेल्या) पोलादी पृष्ठभागावर गंज धरायच्या आत, म्हणजे काही तासांतच, रंगाचा पहिला थर बसावा लागतो. मधला रंगकामाचा बूथ बंद असेल तर ब्लास्टिंगही थांबवले पाहिजे, भले ते मशीन रिकामे दिसो.

नववी पायरी: जारी करणे आणि कळवणे

नव्या वेळापत्रकाला आवृत्ती क्रमांक आणि वेळ द्यावी, आणि जुनी प्रत फलकावरून प्रत्यक्ष काढावी. दोन आवृत्त्या एकाच वेळी फिरत असतील तर दोन्ही निरुपयोगी. सगळ्यांना सगळे वेळापत्रक पाठवण्याऐवजी प्रत्येकाला त्याच्यापुरता बदल कळवावा: स्टोअरला कोणता माल आधी आणि कोणता नंतर, टूल रूमला कोणते टूल केव्हा, गुणवत्तेला कोणत्या मशीनवर पहिल्या नगाची तपासणी वाढली. विक्री विभागाला उशिरा जाणाऱ्या ऑर्डरींची यादी आणि नवी वेळ द्यावी, आणि ती वेळ आशावादी अंदाजावरून काढू नये. ग्राहकाला एकदा चार तासांचा उशीर कळवणे हे तीन वेळा दोन दोन तास वाढवत नेण्यापेक्षा बरे.

बिघाडाशिवायचे व्यत्यय

कच्चा माल उशिरा येणार असेल तर त्यासाठी मशीन अडवून ठेवू नये. ज्यांचे सगळे साहित्य हाताशी आहे अशीच कामे पुढे ओढावीत. ऑपरेटर गैरहजर असेल तर आहे त्या माणसांना आधी बॉटलनेकवर लावावे. बॅच नापास झाली तर नुसता वेळ नाही, तर तेवढी नव्या मालाची गरजही उभी राहते, आणि दुरुस्तीसाठी परतलेला माल नियमित कामांशी स्पर्धा करतो, म्हणून त्याला वेळापत्रकात स्वतंत्र काम म्हणूनच दाखवावे. तातडीची ऑर्डर आली तर होकार देण्याआधी ती घातल्याने कोणत्या ऑर्डरी किती मागे जातात याची यादी काढून निर्णय घेणाऱ्यासमोर ठेवावी. ही यादी समोर असली की निम्म्या तातडीच्या ऑर्डरी उद्यावर ढकलता येतात, असे मला वाटते.

दहावी पायरी: नोंदी आणि उंबरठ्यांची फेरतपासणी

प्रत्येक घटनेनंतर चार गोष्टी नोंदवाव्यात: सांगितलेला आणि प्रत्यक्ष खोळंबा, निवडलेली हस्तक्षेपाची पातळी, हलवलेल्या कामांची संख्या, आणि अखेर उशिरा गेलेल्या ऑर्डरी. काही महिन्यांत या नोंदींतून मेंटेनन्सचे अंदाज सरासरीने किती कमी पडतात ते कळते, आणि पुढच्या वेळी तेवढी भर घालता येते. कोणत्या मशीनवर राखीव वेळ ठेवायचा तेही यातूनच ठरते. सगळीकडे सारखी दहा टक्के सवड वाटण्यापेक्षा बॉटलनेकच्या आधी थोडा तयार माल आणि डिस्पॅचच्या आधी थोडा वेळ राखून ठेवणे अधिक उपयोगी पडते, कारण अलीकडच्या मशीनवरचा बिघाड पहिल्या साठ्यात जिरतो आणि उरलेला दुसऱ्या राखीव वेळेत.

उंबरठे तपासताना उलट बाजूही पाहावी. ज्या घटनांत हस्तक्षेप केला, तिथे नुसते पुढे सरकवले असते तर किती विलंब झाला असता, हे जुन्या नोंदींवरून काढता येते. फरक क्षुल्लक निघत असेल तर त्या मशीनचा उंबरठा वाढवावा. आणि ज्या लहान खोळंब्यांकडे दुर्लक्ष केले त्यांतून वारंवार उशीर झालेला दिसत असेल तर कमी करावा. बॉटलनेक कायम एकाच जागी राहत नाही. ऑर्डरींचे मिश्रण बदलले की भार दुसऱ्या मशीनवर जातो, म्हणून ही तपासणी करताना प्रत्येक मशीनचा भार नव्याने मोजूनच आकडे ठरवावेत.